होय म्हाराजा

—नाही म्हणाली? अरे, परत लाव ना इंटरकॉम, बी विंग, सहाशे दोन. भांडुपहून बाबा आलेत म्हणावं, आईने घावणे दिलेत. सख्खी मुलगी आहे रे माझी श्वेता! उचलत नाही? बरं. बसतो जरा इथेच, तुझ्या खुर्चीवर नको, बाकावर बसतो.

रतन ना नाव तुझं? तुमच्याकडे गणपतीला गाऱ्हाणं घालतात का रे? आमच्यात घालतात. सगळं घरदार उभं राहतं, मोठा माणूस देवाला मोठ्याने सांगतो — बा देवा म्हाराजा, अमक्याची अडचण दूर कर — आणि बाकीचे ओरडतात, होय म्हाराजा! आमच्या घरात तो मान माझा. यंदा आवाज असा लागला म्हणतोस — आणि भरात बोलून गेलो, बा म्हाराजा, माझी श्वेता नवऱ्याचं घर सोडायला निघालीय, तिला सुबुद्धी दे! आता हे तिने फक्त मला सांगितलेलं. आईलासुद्धा नाही. आणि समोर कोण? नवरा, सासू, सासरा! सवयीने सगळे म्हणाले, होय म्हाराजा. तीसुद्धा म्हणाली रे. अर्धंच म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्याने मिहिरला उचलला नि गावी नेला. नातू माझा, पाच वर्षांचा. त्याला घेऊन गुपचूप निघायचं ठरवलं होतं तिने. आता एकटीच इथे बोरीवलीत राहते, पोरासाठी कोर्टाच्या खेपा घालते. वाट लावली मी तिची. पण निसटलं रे तोंडातून, मुद्दाम का कोण —

काय? सासरचे दरवर्षी येतात का? नाही, दरवर्षी कुठले. यंदा बोलावलं होतं. मीच, फोन करून. जावयाला, हर्षदला, रजा नव्हती, त्याला म्हटलं, अर्धा दिवस टाक, पण येच. — असा काय बघतोस? घाबरलो मी! लग्न झालेली मुलगी परत आली तर चाळीत तोंड कसं दाखवू? वाटलं, देवासमोर, चारचौघांत बोललं की बसेल जागच्या जागी. हात उचलतो तो तिच्यावर, हेपण तिने सांगितलं होतं. दंडावरचे वळ दाखवले होते. ते नाही घातलं मी गाऱ्हाण्यात.

दोन महिने सगळ्यांना एकच सांगतोय, निसटलं, निसटलं. बायकोलापण तेच. परत लाव रतन, पाया पडतो तुझ्या. सांग, निसटलं नव्हतं, बाबांनी ठरवून केलं. माफी त्याची मागायला आलेत. अस्संच सांग.

...उचलला? सांगितलंस? काय म्हणाली?

'माहीत आहे.'

एवढंच? आणि पुढे? — ठेवला.

बरं. हा डबा वर पाठव. वहीत पाहुणे लिहू नकोस, माझं नावपण नको. डिलिव्हरी लिही. डिलिव्हरीवाल्याला सोडते ना ती वर? मग झालं तर. नाही रे, पाणी नको. तू गेट उघड.