हातचा एक

दातांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक आई, तिचे वडील आणि दुसरीतली मुलगी नंबरची वाट बघत बसले होते. मुलीच्या मांडीवर वही होती.

"अडतीस अधिक सात तीनशे पंधरा? अगं, डोकं कुठे ठेवून आलीस?"

"आठ आणि सात पंधरा झाले ना, आई. ते लिहिले. तीन तर तिथे होताच."

"पंधरातले पाच लिहायचे आणि एक हातचा घ्यायचा! शंभरदा सांगितलंय!"

"खेकसू नकोस तिच्यावर. पंधरा बरोबरच आहेत तिचे. दहा सुटे मिळून एक दशक होतं, म्हणून तो एक शेजारच्या घरात जातो, हे सांगितलंस कधी?"

"बाबा, उद्या परीक्षा आहे. हातचा घ्यायचा म्हणजे घ्यायचा."

"पण का घ्यायचा? पोरगी काय पोपट आहे? दहा काड्या दे, जुडी बांधू दे तिला, लगेच कळेल. तेवढाही धीर नाही तुम्हा लोकांना! कुणी शिकवलं तुला असलं गणित?"

"तुम्ही."

"मी?"

"तुम्हीच. हातात पट्टी घेऊन. 'हा एक कुठून आला' म्हणून विचारलं, तर सणसणीत बसली होती. पुन्हा नाही विचारलं मी."

"आई, म्हणजे तुलापण माहीत नाही, तो एक कुठून येतो ते?"

"आजोबांना विचार, बाळा. आता सांगतात ते."