मागचा उजवा

काका: ही चिकटपट्टी आधी कुणीतरी काढून परत लावलीय.

मेकॅनिक: काका, खोकं तुमच्यासमोर फोडलं मी.

काका: माझ्यासमोर दुसऱ्यांदा फोडलं असेल. आयुष्यभर गोदामात माल तपासलाय मी. परत आलेला माल वासावरून ओळखतो.

मेकॅनिक: बरं. टीव्हीची वायर या मोठ्या डब्यात घातली, डब्यातून सगळ्या स्पीकरना वायरी गेल्या. आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेरच्या स्पीकरवर घेतो... झालं. मधोमध बसा, एकेक वाजवून दाखवतो.

काकू: यांना कशाला हवेत एवढे स्पीकर? घरातलं माणूस बोललेलं ऐकायचं नसतं. नणंदबाईंकडे राहून आले तेव्हापासून हे असं. चांगले कान भरून पाठवलंय.

काका: मला काही म्हणालीस?

काकू: बघा! ढोंग तरी किती करावं माणसानं?

मेकॅनिक: हा मागचा डावा.

काका: वाजतोय.

मेकॅनिक: मागचा उजवा.

काका: लावा की.

मेकॅनिक: वाजतोय, काका.

काका: कुठे? बारीकसं काहीतरी येतंय, तेही डावीकडूनच. तरी म्हटलं, सवलत एवढी कशी! फुटका माल खपवायचा म्हणून!

काकू: अहो, चांगला खणखणीत वाजतोय.

काका: तू त्याची बाजू घेऊ नकोस. आधी ठरवू, खोट मालात की वायरीत. दोन्ही स्पीकर अदलाबदल करा.

मेकॅनिक: हे घ्या, केले. आता?

काका: उजवा मुकाच. म्हणजे वायर. वायरी बदला.

मेकॅनिक: त्याही बदलल्या. ऐका.

काका: अजून तसंच. डब्यातच खोट आहे. मालकाला फोन लावा, मी बोलतो त्याच्याशी.

काकू: थांबा. आधी खुर्ची फिरवा. टीव्हीकडे पाठ करून बसा.

काका: टीव्ही पाठीनं बघायचा का?

काकू: बसा म्हणते ना!

(खुर्चीचे पाय फरशीवर घासतात.)

काकू: हं, वाजवा हो तो मघाचा.

काका: आता वाजला की! केलंत ना काहीतरी?

मेकॅनिक: हातसुद्धा लावला नाही, काका. हा दुसरा.

काका: हा बंद पडला. मघाशी वाजत होता तो...

काकू: अहो.

काका: गप्प. विचार करू दे. माल बदलला, खोट तिथंच. वायर बदलली, तिथंच. मी फिरलो तर... खोटही फिरली.

मेकॅनिक: मी जरा खाली गाडीतून पक्कड घेऊन येतो.

काका: पक्कड हातात आहे तुमच्या.

मेकॅनिक: दुसरी आणतो.

काकू: कधीपासून हे?

काका: ताईकडे ताप आला होता ना, तेव्हा उजव्या कानात दडा बसला. वाटलं, सर्दी आहे, सुटेल. मग सवयच झाली. टीव्हीतलं बोलणं कळेना, तेव्हा टीव्हीलाच दोष दिला.

काकू: आणि मी तुमच्या बहिणीशी बोलणं टाकलं! त्या बिचाऱ्या फोन करतात, मी कापते.

काका: तिनं काय केलं?

काकू: वाटलं, माझ्याबद्दल काहीबाही सांगितलं तुम्हाला. रात्री मी बोलायचे आणि तुम्ही पाठ करून गप्प. फार लागायचं हो मनाला. या वयात आता नकोशी झाले, असं वाटायचं.

काका: अगं वेडे, डाव्या कुशीवर झोपतो मी लग्नापासून. चांगला कान उशीत. उद्याच दाखवू डॉक्टरला.

काकू: उद्या नाही, आजच. मी येते बरोबर.

काका: बरं, आजच. पण काय बोलायचीस गं रात्री?

काकू: काही नाही. झोप लागली का, एवढंच.