आकाराम हवालदाराचा बिनछापाचा रॉड

...आन् वर मलाच ऐकवत्यात, की बाबा, कायदा चांगलाच व्हता, तुमच्या गावाला त्यो पचला न्हाई. आवं, कायदा वाईट हाय आसं म्हनलंय कोन? तुमास्नी सांगतो, विजेवर तापनारी कुटलीबी वस्तू सरकारी छापाबिगर इकायची न्हाई, ह्यो कायदा सत्त्याहत्तर सालात आमच्याकडं येऊन पोचला, तवा आख्ख्या गावात एकच मानूस खूश झाला, आन् कायद्यानं नेमका त्येलाच धरला!

आकाराम हवालदार. मिल्ट्रीच्या वर्कशापात सतरा वर्सं रनगाड्याच्या वायरी जोडून आलेला गडी. पेन्शनीवर आला तरी सकाळी आंथरुनाची घडी आशी घालायचा की वाटावं, आता कर्नल येऊन पट्टीनं मोजनार हाय. आन् तोंडात एकच... रूल म्हंजे रूल. यस्टीच्या रांगंत कोन मदीच घुसला, रूल म्हंजे रूल. पंगतीत वाडप्यानं दोन येळा जिलबी वाडली, तर ह्यो एक परत द्यायचा. का? रूल म्हंजे रूल. आता आसल्या मानसाबरूबर बाईनं संसार कसा करायचा? विजयमालावैनींनी केला, आन् त्येला काय छाप लागला न्हाई.

पर ह्यो गडी पानी तापवायचे रॉड कशापायी बनवायला लागला, ते आदी ऐका. आमच्या अर्जुनानं बाजारातनं एक रॉड आनला, चकचकीत, बादलीत सोडला, आन् त्येची बायकू साळूबाई, तिनं पानी तापलं का बगायला बटन न बंद करता हात घातला. भितीवर जाऊन आदळली बाई. जगली, पर उजव्या हाताच्या दोन बोटांचं भान गेलं ते गेलंच. म्हस दुसऱ्या कुनाला आचळाला हात लावू देईना, आन् हिच्या बोटात जोर न्हाई... म्हस वरडायची आन् हिकडं साळूबाई गोट्यात बसून रडायची. हवालदारानं त्यो रॉड घरी नेऊन उगडला. आत अर्थची वायर न्हाई, करंट आडवायची भुकटी भरलीया ती चिमूटभर, सगळा कारभार देवाच्या भरवशावर! त्या दिशी गडी जेवला न्हाई. आन् पुडच्या आटवड्यात तांब्याची नळी आनून आपल्या छपरात बसला.

आता ह्येचा रॉड कसा? जाड नळी, आत पांडरी भुकटी ठासून ठासून भरलेली, तीन पदरी वायर, तीन खुट्ट्यांची पिन. बरं, तेवड्यावर गप बसंल तर त्यो हवालदार कसला? ज्येच्या घरात अर्थिंग न्हाई, त्येला रॉड न्हाई! आदी आंगनात खड्डा काडा, त्येच्यात मीट-कोळसा घाला, मग या. तुमास्नी सांगतो, रॉड घ्यायला गेलेला मानूस कुदळ घिऊन माघारी यायचा. लोक शिव्या घालायचे, पर खड्डा काडायचे. आन् धा वर्सांच्या पोरीनंबी बादलीत हात घालावा, काय व्हनार न्हाई, आसा रॉड.

मग आला कायदा. हवालदारानं पेपर पारावर नेऊन मोट्यांदा वाचला. म्हनला, आता बाजारातलं मरान थांबंल, सरकारला उशिरा का हुईना सुचलं. घरी येऊन वैनींनाबी वाचून दाकीवला. त्या भाकरी थापत व्हत्या. त्यांनी मान वर न करता इचारलं, "तुमच्या रॉडवर कुटं हाय छाप?"

झालं. गडी त्या मिन्टापास्नं एक रॉड इकंना. लोक दारात हुबं ऱ्हायले तरी न्हाई. रूल म्हंजे रूल. गेला साताऱ्याला. साताऱ्यात म्हनाले, तुमचं गाव विट्याकडं, म्हंजे जिल्हा सांगली, सांगलीला जा. सांगलीत म्हनाले, जिल्हा आमचा, पर इषय आमचा न्हाई, मुंबईला लिवा. मुंबईला लिवलं, तर मुंबईनं अर्ज चार पर्तीत मागितला, कारखान्याचा नकाशा मागितला, आन् तपासनीच्या परयोगशाळेचा फोटू मागितला. कारखाना कुटला? म्हशीच्या गोट्याला लागून एक छप्पर! त्येनं नकाशा काडला, म्हस वगळून.

आन् हिकडं लालासाहेब. ह्येचं दुकान यस्टी स्ट्यांडावर, साळूबाईला झटका दिलेला रॉड ह्येच्याच दुकानातला. त्येनं काय केलं? विट्यात एक छापखाना हाय, लग्नपत्रिका छापनारा. त्येच्याकडनं छाप मारलेल्या पाचशे चिट्ट्या आनल्या. एक आक्षर उलटं पडलेलं, आन् कडंनं पत्रिकेची येलबुट्टी तशीच ऱ्हायलेली, म्हंजे रॉड घेतोय का लग्नाला जातोय ते कळंना. चिकटीवल्या रॉडला, आन् लागला इकायला. वर म्हनतोय कसा, "सरकारमान्य माल हाय, बिनघोर न्या."

आट म्हयन्यांनी मुंबईचा साहेब संगं एक शिपाई घिऊन तपासनीला आला. आता गावात साहेबानं उतरायचं कुटं? लालासाहेबाकडं. जेवान तिथं, गादी तिथं, सकाळची आंगुळबी तिथं. मग न्हाऊन धुऊन, भांग पाडून साहेब हवालदाराच्या छपरात आला.

आवं, रॉडकडं बगंल तर शप्पत! तक्ता कुटं हाय, नोंदवही कुटं हाय, आग इजवायची बादली लाल का न्हाई... आन् मग इचारतो, "तुमची प्रयोगशाळा?" हवालदारानं एक लोकंडी बादली पुडं वडली. म्हनला, "साहेब, ह्येच्यात मिटाचं पानी घालतो, रॉड सोडतो, करंट चालू करतो, आन् पिरत्येक रॉडला सोता हात घालून बगतो. माज्या हाताला लागला न्हाई, तरच दुसऱ्याच्या घरात जातो."

साहेबानं चष्मा पुसला. म्हनतो, "हात हे प्रमाणित उपकरण नाही."

ऐकलं का? सतरा वर्सं रनगाडं दुरुस्त केलेला हात! साहेब म्हनला, हा तयार माल बिनछापाचा, जप्त करावा लागेल, तर हवालदारानं सोताच पोतं आनलं. साहेबाला गाट मारता येईना, ह्येनं मारून दिली. वैनी दारातनं बगत व्हत्या. त्यांनी नवऱ्याची ती वाकलेली पाट बगितली, आन् तुमास्नी सांगतो, जलमात परक्या मानसाफुडं न बोललेली बाई पदर सावरून बोलली.

"साहेब, सकाळी आंगुळ कशाच्या पान्यानं केली?"

"गरम पाण्याने. हीटर होता त्यांच्याकडे."

"त्यो ह्येंनीच केलेला हाय. मनुबाईंनी माज्याकडनं नेला."

म्हंजे बगा की! लालासाहेब गावाला इकतोय चिट्टीचा रॉड, आन् ह्येची बायकू मनुबाई, साळूबाईची शेजारीन, तिनं त्यो झटका डोळ्यानं बगितलेला... ती घरात वापरतीया हवालदाराचा! नवरा घरात न्हाई ते बगून आंगनात खड्डा काडून घेतलेला, वर तुळस लावलेली. आता साहेबानं काय म्हनावं? लय इचार केला त्येनं. आन् म्हनला, "आंघोळ हा पुरावा होत नाही."

हितं कुनीबी गप बसला आसता. वाचला एक रॉड, वाचू दे. पर हवालदार! म्हनतो, "मग साहेब, त्यो रॉडबी बिनछापाचा हाय. त्योबी पोत्यात पायजे." वैनींनी कपाळाला हात लावला. रूल म्हंजे रूल!

निगाली वरात. फुडं हवालदार, मागं पोतं घिऊन शिपाई, त्येच्यामागं साहेब, आन् साहेबामागं आख्खं गाव. लालासाहेब दुकान टाकून पळत घरी आला. त्येला बायकूनं काय घरात आनलंय त्येचा पत्त्या न्हवता, का व्हता आन् रोज उनउन पान्यापायी गप व्हता, ते त्येचं त्येला ठावं. मनुबाई न्हानीच्या दारात आडवी हुबी. म्हनली, "ह्यो न्यायचा न्हाई. ह्येंच्या दुकानातला एकबी रॉड मी घरात घेनार न्हाई."

गाव आईकतंय! लालासाहेबाचं तोंड आसं झालं, जनू त्येनंच बादलीत हात घातलाय. त्यो कायतरी पुटपुटाया लागला, तवर मनुबाई आत गेली. फडताळातनं नवऱ्याची एक चिट्टी काडली, रातच्या भाताचं शीत घेतलं, बोटानं दाबून दाबून चिट्टी हवालदाराच्या रॉडला चिकटीवली, आन् रॉड साहेबाच्या नाकाफुडं धरला.

"आता?"

साहेबानं चिट्टी बगितली. उलटं आक्षर बगितलं. येलबुट्टीबी बगितली. मग घड्याळ बगितलं, सांगलीची यस्टी यायची येळ झालेली. आन् घसा साफ करून म्हनला, "हो. आता चिन्ह दिसतंय."

आन् गेला. पोतं घिऊन गेला.

मग काय, दुसऱ्या दिशी सगळं गाव लालासाहेबाच्या दुकानात. रॉड कुनालाच नको, नुसती चिट्टी दे! घराघरात हवालदाराचे रॉड आन् त्येच्यावर भाताची शितं. साळूबाईनंबी चिकटीवली, धड बोटांच्या डाव्या हातानं. लालासाहेबाचे चिट्टीवाले रॉड मातूर दुकानातच टांगून ऱ्हायले, म्हंजे कायदा एका परीनं लागू झालाच म्हना की.

एक हवालदार तेवडा ऱ्हायला. लोकांनी लय सांगितलं, गड्या, तूबी चिट्टी लाव, आन् बनव की पयल्यासारखं. न्हाई म्हनला. खोटी चिट्टी लावून खरा रॉड इकनार न्हाई. छपराला कुलूप लावलं. घरातला आपला सोताचा रॉड काडला, फडक्यात गुंडाळला, ट्रंकेत ठिवला, आन् मुंबईला कार्ड टाकलं, की तपासनीच्या येळी हा एक नजरचुकीनं ऱ्हायला, घिऊन जावा. त्येला आता दीड वरीस झालं, कुनी आलेलं न्हाई.

तवापास्नं वैनी आंगुळीला मनुबाईकडं जात्यात, खांद्यावर लुगडं टाकून. गावात घराघरात ह्येच्या हातचं उन पानी, आन् ह्यो गडी पौषातल्या थंडीत आडावर बसून गार पान्यानं न्हातोय, दात वाजत्यात ते पार देवळापत्तुर आईकू येतंय. परवा वैनी म्हनल्या, आवं, निदान चुलीवर तरी तापवून देते की एक हंडा.

हवालदारानं तांब्या डोक्यावर धरला, आन् लय गंभीरपनानं इचारलं,

"चुलीवर छाप हाय का?"