डावीकडे सरकणारं ड्रोन

धाकटी : ड्रोनला हात नको लावूस ताई, आत्ताच सेटिंगमधला आकडा बदललाय.

थोरली : बदल बाई. सकाळपासून तेच चाललंय. एक आकडा वर, दोन खाली. तुझ्या त्या लॅपटॉपला तरी दम खाऊ दे.

धाकटी : वाढवला की ड्रोन चटकन सरळ होतं, पण थरथरतं. कमी केला की थरथर जाते, पण सावरायला वेळ लावतं. बाबांसाठी मऊ हवं. एकदम उसळलं की दचकतात ते.

थोरली : मला शिकवतेस? या घरात पहिलं ड्रोन मी उडवलंय.

धाकटी : माहितीये. येतेस तेव्हा सांगतेस.

थोरली : आणि ते काही आपोआप सरळ होणारं नव्हतं. स्टिक सोडली की जिथे कललंय तिथेच कललेलं. आपलं आपण सावरायचं. एकदा भीत भीत विचारलं, बाबा, ते आपोआपवालं चालू करू का? तर म्हणाले, "कुबड्या घेऊन कुणी पळायला शिकतं का?" पाती मोडली, रडले, नवी बसवली, पुन्हा उडवलं. आणि आता बघा! लाडक्या लेकीने त्याच कुबड्या बसवून दिल्या तर "काय झकास केलंस गं चिमणे!"

धाकटी : आजारपणानंतर त्यांचा हात पूर्वीसारखा नाही राहिला, ताई.

थोरली : मला सांगू नकोस. हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी मीच बसले होते. पण बरे झाल्यावर ड्रोन पुन्हा बाहेर काढायचं ठरलं तेव्हा हाक कुणाला मारली? तुला. जिला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो तेही ठाऊक नव्हतं.

धाकटी : पोटात दुखतंय तुझ्या.

थोरली : दुखतंय. मग? खोटं कशाला बोलू? तू चिमणी, आणि मी जन्मापासून "मोठी". "मोठी, हे धर. मोठी, ते आण." कधी लहान होते की नाही, मलाच शंका येते.

धाकटी : आणि मी? तुम्ही दोघं या खोलीचं दार लावून बसायचात. मी बाहेर. नुसता सोल्डरिंगचा वास यायचा आणि तुमचं हसू ऐकू यायचं. दार वाजवलं की आतून तूच ओरडायचीस, "तू नको येऊस, भाजेल." मला अजून हे टेबल परक्याचं वाटतं.

थोरली : मी ओरडायचे?

धाकटी : तूच. जाऊ दे. हे तरी किती दिवस राहणार आहे इथे? बाबा देऊन टाकायचं म्हणतायत.

थोरली : काय देऊन टाकायचं?

धाकटी : ड्रोन. समोरच्या फोटोग्राफरला. सकाळी म्हणाले.

थोरली : आणि हे तू मला आत्ता सांगतेस?

धाकटी : तू आल्यापासून तुझंच चाललंय की! हे बघ, स्टिक मध्यावर ठेवली तरी ते डावीकडे सरकतं. त्यांना वाटतं, आपलाच हात ओढतोय. मी म्हटलं, बाबा, सेटिंग चुकलं असेल. तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या हाताला पदराखाली घेऊ नकोस." तेव्हापासून रिमोटला शिवले नाहीत. काल चहाचा कपही उजव्या हाताने धरला. डावा हात खिशात.

थोरली : अगं, पण डावखुरे आहेत ते.

धाकटी : तेच तर सांगतेय. खिशातून काढतच नाहीत.

थोरली : थांब. तो लॅपटॉप मिट आधी.

धाकटी : अशी काय बघतेस?

थोरली : सरळ म्हणजे काय, ते ड्रोनला आधी दाखवावं लागतं ना? सपाट जागी ठेवून बटण दाबतात ते. कुठे ठेवून दाबलंस?

धाकटी : इथेच. याच टेबलावर.

थोरली : ती लोखंडी गोळी घे डबीतली. ठेव टेबलावर. आता सोड.

धाकटी : अगं बाई! घरंगळली.

थोरली : कुठे?

धाकटी : डावीकडे.

थोरली : बाबांनी मुद्दाम उतार दिलाय. उजव्या पायांखाली पट्ट्या आहेत, वाकून बघ. निसटलेला स्क्रू त्यांच्या डाव्या हाताशीच येऊन थांबावा म्हणून. रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हापासून आहे तो.

धाकटी : म्हणजे ड्रोनला हा उतारच सपाट वाटतो?

थोरली : हो. म्हणून सरळ व्हायला गेलं की ते डावीकडे कलतं. तुझा कुठलाही आकडा त्याला काही करणार नाही. बाबांच्या हाताचा काही दोष नाही. अंगणच वाकडं आहे.

धाकटी : तुला हे आत्ता सुचलं?

थोरली : नाही. मागच्या वेळी आले होते ना, तेव्हा उडताना बघितलं आणि लगेच कळलं.

धाकटी : आणि मूग गिळून बसलीस?

थोरली : म्हटलं, फसू दे हिचं. थोडे दिवस फसलं की मला हाक मारतील. "मोठी, जरा बघ गं," म्हणतील. एवढंच हवं होतं मला. ते स्वतःच्या हातावर घेतील, हे डोक्यातच आलं नाही गं.

धाकटी : कपसुद्धा उजव्या हाताने धरला त्यांनी, ताई.

थोरली : ऐकलं एकदा! उचल ते ड्रोन. बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर ठेवून पुन्हा बटण दाबू. आणि ती पातळी बघायची पाणसळ आण, आता मला कुठल्याच जमिनीचा भरवसा नाही.

धाकटी : आणते. पण बाबांना मी सांगणार नाही. तू सांग.

(घरामागची मोकळी जागा. बाबा खुर्चीत, डावा हात खिशात. ड्रोन जमिनीवर.)

बाबा : दोघी मिळून माझी समजूत घालायला आलात का?

थोरली : नाही बाबा. टेबलाच्या उतारावर ठेवून शिकवलं होतं त्याला. म्हणून सरकत होतं. माझ्या लक्षात आलं होतं आणि मी बोलले नाही.

बाबा : का?

थोरली : जळत होते.

बाबा : कुणावर?

थोरली : कुणावर म्हणजे? ही काय, तुमच्यासमोर उभी आहे.

धाकटी : मी दुसरी बॅटरी घेऊन येते.

थोरली : हात बाहेर काढा बाबा. घ्या रिमोट. वर न्या.

बाबा : थरथरतोय बघ.

थोरली : थरथरू दे. मऊ केलंय तिने, चालतं तेवढं. हं, पुरे. आता स्टिक सोडा.

बाबा : सोडली.

थोरली : कुठे चाललंय?

बाबा : कुठेच नाही. अगं, थांबलंय! जागच्या जागी थांबलंय!

थोरली : मग?

बाबा : रात्रभर झोपलो नव्हतो गं मी.

थोरली : बाबा, मला का नाही बोलावलंत? तिला का?

बाबा : तू मला चांगलं उडवताना बघितलंयस. झाडांमधून काढायचो, उलटं करून परत आणायचो, तू टाळ्या वाजवायचीस. तिने त्यातलं काही बघितलेलं नाही. तिच्यासमोर हात हलला तर मला काही वाटत नाही. तुझ्यासमोर लाज वाटते.

थोरली : मी पाठ करून उभी राहू का?

बाबा : वेडी आहेस का? ये, इथे शेजारी उभी राहा. फक्त शिकवू नकोस.

थोरली : नाही शिकवत.

बाबा : "हळू, हळू" करू नकोस.

थोरली : नाही करत. पण मग तिलाही सांगा गप्प राहायला.

बाबा : ती गप्पच असते गं.