झाकलेली खिडकी

२०२५ सालची गोष्ट. ओझरच्या विमानतळाच्या दारात वत्सलाबाई एकट्याच रांगेत उभ्या होत्या. पुढे कुसाबाई लेकाला निरोप देत होत्या.

“वाल्मीक, खिडकीचीच जागा हाय ना?”

“खिडकीचीच हाय, आई.”

“मग मी जाते धावपट्टीशेजारच्या आपल्या बागेत. लाल लुगडं नेसले मुद्दाम. लहानपणी लढाऊ विमानांना हात करायचास, आता मी तुला करते.”

“पळू नको, पडशील.”

“बघशील ना पण?”

“बघतो गं.”

विमानात वाल्मीक वत्सलाबाईंच्याच शेजारी बसला. उड्डाणाआधी हवाई सुंदरी आली.

“सर, खिडकी झाका. इथे हवाई दलाचीही विमानं असतात.”

“मॅडम, खाली माझी आई उभी आहे.”

“सॉरी सर, नियम आहे.”

दिल्लीत उतरताच त्याने फोन लावला.

“हो आई, दिसलीस ना! पदर हलवत होतीस… नाय गं, सर्दी झालीये.”

वाल्मीक पुढे परदेशी गेला, तो तिकडेच राहिला. दिल्लीचं विमान उडालं की कुसाबाई अजून लाल लुगडं नेसून बागेत उभ्या राहतात. वत्सलाबाई त्या प्रवासानंतर महिन्याभराने दिल्लीतल्या आपल्या लेकाकडून परतल्या. ओझरला उतरताना खिडकी झाकलेलीच होती. खाली बागेत लाल लुगडं असेल म्हणून त्यांनी त्या झाकल्या खिडकीकडेच बघून हात केला.