दोन ब्राउझर आणि एक गोदूबाई

जामसंड्याच्या थांब्यावर कुणकेश्वरची एसटी यायची होती. बाकावर एक वयस्क जोडपं बसलं होतं. त्यांच्या पाठीमागे, त्यांना न दिसलेली एक मासेवाली रिकाम्या पाटीला टेकून डोळे मिटून होती.

"इंटरनेट बघूक एक ब्राउझर होतो मा? मगे दुसरो कित्याक घातलात?"

"पयलो सुस्त झाल्लो गो. दुसरो इलो म्हटल्यावर पयलोय सुधारलो."

"मशीनाक काय कळता?"

"करणाऱ्यांका कळता. नव्वद सालापासून कॉम्प्युटर वापरतंय मी. पतपेढीत आमच्याकडे एकाच कंपनीचा सॉफ्टवेअर होता. बिघाडला तर आठ-आठ दिवस कोण येय नाय. गिऱ्हाईक जातला खंय, असा वाटला की माणूस आळसावता. म्हणान दोन ठेवचे, आणि बरो चलता तो वापरूचो. हेच्यात माया करूची नाय."

"आणि मासे? बाजारात चार जणी बसतत. तुमी तीस वर्सां गोदूबाईकडेच जातास."

"गोदूबाईची गोष्ट वेगळी."

"बुधवारची सुंगटां नरम होती."

"एखाद्या दिसाक होता तसा."

मागून मासेवाली डोळे न उघडताच बोलली.

"वयनी, भाईंका बोलू नकात. काल ते इले तवसर माझी पाटी संपलेली. बाजूक बांगडे फडफडीत होते, तरी रिकामी पिशवी घेवन परत गेले."

"काल? काल माका सांगितलात, बाजारात मासोच नाय म्हणान."

"नव्हतोच गो. गोदूबाईची पाटी रिकामी होती."