‘थंड होऊ दे’ या फोल्डरविषयी दोन शब्द

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पाणीपुरवठा कार्यालयाचे मुख्य अभियंता साहेब, मंचावरील पाहुणे, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या अभिलेख विभागाच्या मोठ्या बाई, पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पकडून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी नकाशे काढणारा माणूस. भाषण हा माझा प्रांत नव्हे. संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती मी पाळणार नाही, पण सहाच्या आत नक्की संपवीन. सहाच का, ते ओघात येईल.

बाई इथे छत्तीस वर्षं होत्या. त्या आल्या तेव्हा कागद कपाटात असत आणि कपाट जागेवर असे. मग संगणक आले. आपल्याकडे एकाच जातीचे आले असते तर काय बिघडलं असतं? पण तळमजल्यावर एक जात, वरच्या मजल्यावर दुसरी, आणि पंपघरात तिसरी, जिच्यावर प्रत्येक मराठी अक्षराचा चौकोन होतो. वर ठेवलेली फाइल खाली दिसत नाही, खाली दिसते ती उघडत नाही, आणि उघडते ती गेल्या वर्षीची निघते. कोणी म्हणालं, “डेस्कटॉपवर आहे,” की आपण सगळे एका सुरात विचारतो, “कोणाच्या?” काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आपल्याला तर काखा किती आहेत हेच माहीत नव्हतं.

आणि आपण ठेवलेली नावं! ‘अंतिम’. मग ‘अंतिम-नवीन’. मग ‘अंतिम-साहेबांनी-पाहिलेलं’. मग ‘हेच-वापरा’. आणि या चौघांना मागे सारून खरोखर वापरात असलेली ‘शीर्षक-नाही-७’. हसू नका, ती माझीच होती. उत्तरेकडच्या टाकीचा नकाशा होता तो.

बाईंची पद्धत वेगळी. त्या विषयावरून नाव ठेवत नसत, भांडणावरून ठेवत. टाकीच्या नकाशाचं नाव ‘ओरडले-ते’. पुलाखालच्या जलवाहिनीचं ‘दोघं-बोलेनात’. मी एकदा विचारलं, “बाई, ही काय तऱ्हा?” त्या म्हणाल्या, “अहो, माणूस फाइलचा विषय विसरतो. पण कोण कोणावर तडकलं होतं, ते नाही विसरत.” आणि खरंच, आम्ही तासभर तीन मशिनी धुंडाळून घामाघूम व्हायचो, आणि बाई चष्मा वर करून विचारायच्या, “तेव्हा चिडलं कोण होतं?” उत्तर दिलं की फाइल हजर.

आता माझी गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी मी चार महिने खपून काढलेला एक नकाशा वरच्या कार्यालयात गेला. त्यावर खाली नाव दुसऱ्याचंच होतं. ते नाव आज अध्यक्षस्थानी आहे. साहेब, माफ करा, पण पुढचं याशिवाय कळणार नाही.

माझं डोकं फिरलं. मी राजीनामा टाइप केला, खाली तारीख आणि सहीही डकवली. त्यात एक वाक्य असं होतं, की साहेबांना नकाशा उलटा धरला तरी कळत नाही. बाईंना म्हटलं, “आजच्या आज वर पाठवा.” घरी जाऊन बायकोला ऐटीत सांगितलं, “दिला!” तिच्या मांडीवर आमची दोन महिन्यांची मुलगी होती. तिने फक्त विचारलं, “आणि आता?”

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, “सापडत नाही हो. या मशिनीवर केलं होतंत की त्या?” आम्ही दोघांनी रोज शोधलं. खालची जात, वरची जात, पंपघर. पाचव्या दिवसापर्यंत मी संगणकाला शिव्या देत होतो. आठव्या दिवशी, खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात सापडू नये म्हणत होतो. दहाव्या दिवशी म्हटलं, “बाई, राहू द्या. नका शोधू.” त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. मान दुखायला लागली होती माझी.” आणि मी अकरा वर्षं समजत होतो, की यंत्र बिघडलं म्हणून माझा संसार वाचला.

गेल्या महिन्यात नवी प्रणाली आली. जुन्या तिन्ही जातींतलं सगळं उचलून तिने एका जागी आणलं. साहेबांनी अहवालात लिहिलं, “एकाही माणसाचा हात न लागता.” प्रणाली अतिशय आज्ञाधारक आहे. ज्या अर्जावर तारीख आणि सही दिसेल, तो ती मार्गी लावते. मंगळवारी मला निरोप आला, की माझा अर्ज अकरा वर्षं प्रलंबित राहिल्यामुळे नियमानुसार आपोआप मंजूर झाला आहे. फाटकावर माझं कार्ड चालेना. पहारेकरी रोज मला नमस्कार करतो. तोही म्हणाला, “साहेब, यात तर तुम्ही केव्हाच गेलात.” पाणीपुरवठ्यात असून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

प्रणालीने माझा अर्ज कुठून उचलला ते पाहिलं, तेव्हा कळलं. बाईंकडे एक फोल्डर होता, नाव ‘थंड होऊ दे’. रागाच्या भरात कोणी काही लिहिलं, की बाई ते तिथे ठेवत आणि दहा दिवस “सापडत नाही” म्हणत. दहा दिवसांनीही माणूस तसाच तापलेला असला, तर मुकाट्याने वर पाठवत. त्यात सत्तावीस फाइली आहेत. सभागृहात अचानक शांतता पसरली आहे, ती माझ्या वक्तृत्वामुळे नाही, हे मी जाणतो. घाबरू नका. बाकीच्या पंचविसांवर सही नाही, म्हणून प्रणालीने त्यांना हात लावलेला नाही.

पंचवीसच का? एक माझी. आणि एक बाईंची.

आज साडेतीनला माझं कार्ड अचानक चालू झालं. मी धावत बाईंकडे आभार मानायला गेलो. निवृत्त होणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी एकच दुरुस्ती करता येते. ती त्यांनी माझ्यासाठी वापरली होती. पडद्यावर माझ्या नावाखालची ओळ लाल होती. फाइलचं नाव ‘मीच-घाई-नको’. एकोणीस वर्षांपूर्वी यजमान अंथरुणाला खिळले होते, तेव्हा बाईंनी राजीनामा लिहिला होता. यजमान बरे झाले, ते आज समोर बसले आहेत. पण प्रणालीने तोही अर्ज मंजूर केला, आणि तिच्या लेखी बाईंची नोकरी सतरा वर्षांतच संपली. पुढची एकोणीस वर्षं त्या इथे नव्हत्याच, निवृत्तिवेतनातही ती धरली जाणार नाहीत. मी म्हटलं, “बाई, स्वतःचं का नाही केलंत?” त्या म्हणाल्या, “तुमची मुलगी अजून शाळेत आहे ना?”

मला तिथे रडू आलं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सहा वाजता बाईंचा कर्मचारी क्रमांक बंद होईल, आणि बंद क्रमांकाची नोंद पुन्हा कोणालाच बदलता येत नाही. त्याआधी ती बदलू शकणारी एकच व्यक्ती आहे. चार वाजता मी साहेबांना भेटलो. साहेब म्हणाले, “हात लागला नाही असं लिहून गेलंय हो. सोमवारी समिती नेमू.” साहेब, सोमवारी समिती कोणाची नोंद बघणार?

तेव्हा साहेब, आपल्यासमोरच्या हारामागे जो लॅपटॉप ठेवला आहे, तो चित्रीकरणासाठी नाही. मी बाईंचं पान उघडून ठेवलं आहे. ‘पूर्ववत करा’ असं निळं बटण आहे. आता सहाला बारा मिनिटं कमी आहेत. बाई, तुम्ही मान हलवून मला नको म्हणता आहात, ते मला दिसतंय, पण आज मी ऐकणार नाही.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा उपमर्द झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावा. साहेब, त्या जुन्या पत्रातलं वाक्यही मी सर्वांसमोर मागे घेतो, तुमचं बोट त्या बटणावर टेकेल त्या क्षणी. टाळ्या तेव्हाच वाजवा, मित्रहो. तोपर्यंत कोणीही उठणार नाही.